रानातल्या पाहुण्यांसाठी फळझाडं: वरकस जमिनीवर काय, कुठे आणि कसं लावायचं

मे महिन्यात सह्याद्रीत कुणी उपाशी राहत नाही. करवंदाच्या जाळ्या काळ्या पडलेल्या असतात, जांभळाखाली सडा असतो, तोरणं, रातांबे, रायवळ आंबे सगळं एकदमच पिकतं. पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत हा बाजार उठतो आणि पुढचे कितीतरी महिने रानात फळ शोधावं लागतं. तरीही पडीक जमिनीवर पशुपक्ष्यांसाठी झाडं लावायला निघालेला माणूस रोपवाटिकेत जाऊन हमखास आंबा, जांभूळ, करवंद हीच तीन नावं घेतो. ताट भरलेलं असतानाच आणखी वाढायचं, असा हा प्रकार. म्हणून रोपांच्या यादीआधी बारा महिन्यांचा तक्ता करा आणि आपल्या शिवारात कोणता महिना रिकामा जातो ते बघा.

अमेरिकेत शिकारीसाठी राखलेल्या खासगी जमिनींवर मालक हरणांसाठी सफरचंद आणि पर्सिमनची झाडं लावतात, तेही हाच हिशोब करतात: फळ कोणत्या महिन्यात गळणार आणि ते खायला जनावर कोणत्या वाटेने येणार. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण हिशोब तसाच उपयोगी आहे. पुढची माहिती घाटउतारावरच्या आणि कोकणातल्या एक ते पाच एकर वरकस, म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनीला धरून आहे. देशावर पाऊस कमी, तिथे काय बदलायचं ते जागोजागी सांगितलं आहे.

आधी कुठे लावायचं नाही ते

जमीन मोकळी दिसते म्हणजे ती झाडांची वाट बघत असते असं नाही. कोकणातला कातळसडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) किंवा देशावरचा गवताळ माळ हे स्वतःच भरलेले अधिवास आहेत. सड्यावरची पावसाळी फुलं आणि माळावरचे चिंकारा, लांडगा, चंडोल यांना मोकळीकच लागते. तिथे खड्डे पाडून जांभळं लावणं म्हणजे एकाचं घर मोडून दुसऱ्याला देणं. झाडं लावायची ती पूर्वी रान होतं आणि तुटलं अशा जागी. अशी जागा ओळखायची खूण सोपी आहे: जमिनीत जुने बुंधे, खोडवे आणि त्यांतून दरवर्षी फुटून गुरांनी खुडलेले धुमारे दिसतात.

दुसरी नकोशी जागा म्हणजे शेजाऱ्याच्या भातखाचराची किंवा काजूबागेची हद्द. गळलेलं आवळा-शिवणीचं फळ खायला भेकर येतं, तसंच रानडुक्करही येतं, आणि ते फळ संपल्यावर परत जात नाही, पलीकडच्या शेतात उतरतं. ज्यांची फळं जमिनीवर पडून खाल्ली जातात ती झाडं पिकाच्या बाजूपासून जमेल तितकी आत, रानाच्या अंगाला ठेवा. हद्दीकडे फक्त पाखरांची फळं असू द्या. रस्त्याच्या कडेलाही हाच नियम, कारण रात्री फळाखाली आलेलं उदमांजर गाडीखाली जातं. आणि तुमचा तुकडा रान आणि शेत यांच्यामधली पन्नास-साठ मीटरची चिंचोळी पट्टीच असेल, तर मोठ्या जनावरांचा विचार सोडून द्या. पाखरांपुरतं लावा.

पहिल्या वर्षी शक्यतो काहीच लावू नका

हे ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. पण जमीन एक वर्ष गुरांपासून आणि वणव्यापासून राखली, तर खोडव्यांतून आवळा, जांभूळ, कुंभा, ऐन, किंजळ असं बरंच काही आपोआप वर येतं. त्याची मुळं जुनी आणि खोल असतात, त्यामुळे दोन पावसाळ्यांत ते जी उंची गाठतं ती नव्या रोपाला पाच वर्षांत जमत नाही. दिवाळीनंतर फिरून प्रत्येक खोडव्यावरचे एक-दोन सरळ, जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने बुंध्याशी छाटा. फुटव्याला चुन्याची खूण करा, नाहीतर पुढच्या वर्षी गवत कापणारा त्यावरच कोयता चालवतो.

याच वर्षी मोकळ्या भागात दहा-बारा फूट उंचीचे बांबू रोवून वर आडवी काठी बांधा. शेतकऱ्यांना हे पक्षीथांबे माहीत आहेत, तिथे ते किडी खाणाऱ्या पाखरांसाठी असतात. इथे उपयोग वेगळा: बुलबुल आणि तांबट त्यावर बसून विष्ठेतून बिया टाकतात. थांब्याखाली दीड मीटरचा गोल खरवडून मोकळा ठेवला की पावसात काय काय उगवतं ते पाहून पुढची निम्मी यादी ठरते.

बारा महिन्यांची पंगत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आवळा, बेहडा, बोर आणि बिब्ब्याचा. यात आवळा सर्वांत कामाचा. वानर वर खाताना निम्मी फळं खाली पाडतात, ती भेकर-चितळ उचलतात आणि रवंथ करताना आठळी दुसरीकडेच टाकतात, म्हणजे पुढची लागवडही तेच करतात. बिब्बा मुद्दाम लावू नका. त्याचा डिंक अंगाला लागला की फोड येतात. आधीच असेल तर राहू द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ कमी, पण सावर, पळस, पांगारा फुलतात आणि मधासाठी मैना, कोतवाल, हळद्या यांची झुंबड उडते. एकरी एक सावर किंवा पांगारा पुरे.

एप्रिल ते जून आपोआप भरतो. इथे भर घालायचीच तर शिवण लावा. तिची पिवळी फळं उन्हाळ्यात गळतात आणि हरणं ती आवडीने खातात. विदर्भात या जागी मोह, चारोळी आणि टेंभुर्णी येतात; अस्वलाच्या मुलखात ही झाडं वस्तीपासून आणि पाणवठ्याच्या पायवाटेपासून लांबच हवीत.

जून-जुलैत भोकर आणि कोशिंब. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत खरी पोकळी. तिथे खालच्या थरात दिंडा हे झुडूप थोडा आधार देतं; ते पावसात फुलतं आणि पाऊस सरताना त्याला काळी फळं येतात. पण ही पोकळी भरून काढायची तर उंबर-वडाच्या कुळाला पर्याय नाही.

उंबर, वड, नांद्रुक, पायर

या कुळातली झाडं वर्षाच्या एकाच ठराविक महिन्यात फळत नाहीत. एक वड जानेवारीत लाल होतो, दुसरा जूनमध्ये. उंबर तर वर्षातून अनेकदा खोडावरच लगडतो. म्हणून एकच झाड लावलं तर दोन-तीन आठवड्यांची मेजवानी मिळते. निरनिराळ्या जागांवरून आणलेली चार-पाच झाडं लावली तर वर्ष बरंचसं भरून निघतं. एकाच वडाच्या फांद्या तोडून पाच वड केले, तर ते पाचही एकदमच पिकण्याचा संभव मोठा. ही चूक सर्रास होते.

वड आणि नांद्रुक खुंटाने लावता येतात. मृगाच्या सुमारास मनगटाहून जाड, आठ-दहा सेंटीमीटर व्यासाची, सात-आठ फुटांची सरळ फांदी काढा. पानं काढून टाका, चीक थांबेपर्यंत दोन दिवस सावलीत आडवी ठेवा, वरच्या कापावर शेण-मातीचा लेप द्या आणि दोन फूट खोल गाडून भोवतालची माती पायाने घट्ट दाबा. पोकळी राहिली की पाणी साचून खुंट कुजतो. खुंटाचा मोठा फायदा म्हणजे फूट वर येते, तिथे गुरांचं तोंड पोचत नाही. पिंपळाच्या खुंटाचा भरवसा नाही.

उंबर बियांपासून बरा. पिकलेलं फळ पाण्यात कुस्करून खाली बसलेल्या बारीक बिया घ्या, राखेत मिसळून विटांचा चुरा, वाळू आणि कंपोस्टच्या ओल्या थरावर नुसत्या भुरभुरा, वर माती टाकू नका. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्या. वरून झारीने पाणी घातलं की बिया वाहून जातात. दोन वर्षांनी रोप जागेवर न्या, ओढ्याच्या काठाला. विहीर, घर, बांधीव टाकी यांपासून या कुळातलं कोणतंही झाड पन्नास फुटांच्या आत नको.

बी आणि रोप

पाखरांसाठी लावताना मोठ्या फळाची कलमं घेण्याचा मोह आवरा. उमराण बोर बुलबुलाच्या चोचीत मावत नाही, गावठी बोर मावतं. बियांपासूनची झाडं एकमेकांपेक्षा पुढेमागे पिकतात, त्यामुळे हंगाम लांबतो, आणि इथे तेच हवं आहे. अपवाद कोकमाचा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. दोनच रोपं लावून सात-आठ वर्षं वाट पाहिली आणि दोन्ही नर निघाली, असं होतं. म्हणून बियांची रोपं असतील तर पाच-सहा लावा, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीची दोन कलमं घेऊन त्यांच्यासोबत तीन बियांची रोपं द्या. टेंभुर्णीचंही असंच आहे.

बी कधी पेरायचं यात सर्वाधिक रोपं वाया जातात. जांभूळ, कोकम आणि मोह यांचं बी वाळवून साठवता येत नाही. गर धुऊन आठवड्याभरात पिशवीत गेलं पाहिजे. महिनाभर डब्यात राहिलेलं जांभळाचं बी जवळपास मेलेलंच असतं. एका जांभळाच्या बीतून दोन-तीन कोंब निघतात, त्यातला एकच ठेवा. आवळ्याचं उलटं: फळं उन्हात वाळवावीत, आठळी तडकून बिया बाहेर पडतात, पाण्यात तरंगतील त्या टाकून बुडालेल्या दिवसभर भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये पेराव्यात. बोराची आठळी हलक्या हाताने फोडून आतलं बी पेरलं तर लवकर उगवतं. न फोडता दोन दिवस भिजवून पेरलं तर धीर धरावा लागतो. भोकराचा चिकट गर राखेने चोळल्याशिवाय सुटत नाही. शिवण आणि बेहडा दोन दिवस पाण्यात भिजवून पेरा. हिरड्याचं बी फार लहरी, त्याची तयार रोपंच घ्या.

रोपवाटिकेतून घेताना रोप एक-दोन वर्षांचं, दोन-अडीच फुटांचं, बुंधा पेन्सिलीएवढा जाड असं बघा. छोट्या पिशवीतलं चार फुटांचं उंच रोप दिसायला छान, पण खाली मुळाची गुंडाळी झालेली असते. ते तीन वर्षं तसंच उभं राहतं आणि मग एका उन्हाळ्यात अचानक वाळतं.

एक एकराची मांडणी

चाळीस गुंठ्यांत वीस-पंचवीस मोठी झाडं पुरेत. घाटाच्या बाजूला ही यादी चालते: वड किंवा नांद्रुक २, उंबर २, आवळा ५, बेहडा २, शिवण ३, भोकर ३, जांभूळ २, सावर १ आणि चार-पाच कोकम, शिवाय करवंद आणि तोरण मिळून ४०, दिंडा १०. देशावर कोकम वगळून बोर ५ घ्या आणि जांभूळ फक्त ओढ्याला.

ओळी पाडू नका. वड-उंबराभोवती चाळीस फूट मोकळं सोडा, मध्यम झाडांत वीस-पंचवीस फूट. करवंद चार-पाच फुटांवर, आठ-दहा रोपांच्या झुबक्यांत लावा, आणि प्रत्येक झुबका फळझाडापासून तीस-चाळीस फुटांवर येईल असा धरा. हे महत्त्वाचं आहे. भेकर उघड्यावरच्या झाडाखाली दिवसा येत नाही. चार ढांगांत शिरता येईल अशी जाळी जवळ असली तरच येतं. याच कारणासाठी ‘बाग स्वच्छ दिसावी’ म्हणून खालची झुडपं साफ करू नका. पडलेलं लाकूडही राहू द्या.

घाणेरी (टणटणी) मात्र काढायची, पण एकदम नाही. पाखरं तिची फळं खातात आणि तिच्या आडोशाला राहतात. दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा, पावसात माती मऊ असताना, मुळाच्या गड्ड्यासकट उपटा आणि त्याच जागी करवंद-तोरण लावा. नुसती कापली तर दुप्पट फुटते.

खड्डा आणि लागवड

झाडांना दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा, झुडपांना दीड फुटाचा. एप्रिलमध्ये खणा, वरची काळसर माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. तीन-चार आठवडे ऊन खाऊ द्या. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की मुळं खाणारी हुमणी अळी येते आणि ऑगस्टमध्ये हिरवंगार रोप हाताने ओढताच मुळाशिवाय वर येतं. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं वर भरा, पावसात माती बसते.

दोन-तीन दमदार पावसांनंतर, जमीन फूटभर खोल ओली झाली की लावा. कोकणात जूनचा उत्तरार्ध, देशावर जुलै. पिशवी ब्लेडने चिरून पूर्ण काढा, तळाशी वळलेली मुळं बोटभर छाटा. रोपाचा बुंधा पिशवीत जितका मातीत होता तितकाच ठेवा. खोल गाडलेलं रोप कोकणच्या पावसात बुंध्याशी कुजतं. काठीला काथ्याने आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. उतारावर रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती वरंबा घाला, पण जास्त पावसाच्या भागात त्याला एका टोकाला वाट ठेवा आणि सप्टेंबरअखेर ती बुजवा.

पहिली तीन वर्षं

आधी पाण्याचं गणित करा, रोपांची संख्या नंतर ठरवा. शंभर रोपांना दहा लिटरप्रमाणे एका पाळीला १,००० लिटर लागतात. नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत दर दहा दिवसांनी म्हणजे सुमारे २२ पाळ्या, एकूण २२,००० लिटर, आणि तेही उतारावर डोक्यावरून. हे झेपणार नसेल तर चाळीसच लावा. करवंद-तोरणाला पहिल्या उन्हाळ्यानंतर पाणी लागत नाही, खुंटालाही फारसं लागत नाही. बुंध्याभोवती गवताचं चार बोटं जाड आच्छादन घाला, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवीला आयती वाट मिळते.

तरीही रोपं तहानेने मरतात त्याहून जास्त गुरांनी आणि वणव्याने जातात. भातकापणी झाली की गुरं मोकाट सुटतात. सगळ्या जमिनीला काटेरी तार घातली तर ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्यांनाच अडसर होतो, आणि रात्री उडी मारणारं सांबर तारेत फाटतं. विजेची तार तर मनातही आणू नका. प्रत्येक रोपाला बांबूचं पाच-सहा फुटांचं कुंपण किंवा बोरी-बाभळीच्या काट्यांचा झाप करा. गडगा, म्हणजे दगडांचा बांध, घालणार असाल तर कमरेइतकाच घाला, मधे खिंडी ठेवा.

वणव्यासाठी डिसेंबर संपायच्या आत हद्दीवर दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून आणि पाला ओढून साफ करा. जाळून पट्टा करण्याच्या नादात स्वतःच्याच जमिनीला आग लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी राब भाजणार, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजणार असेल त्या दिवशी पाण्याचे डबे आणि हिरव्या डहाळ्या घेऊन हद्दीवर हजर राहा. प्रत्येक रोपाभोवतीही तीन फुटांचं आळं गवतापासून मोकळं हवं.

साळिंदर बुंध्याची साल खातं. ज्या भागात त्याचे काटे सापडतात तिथे बुंध्याला दीड फूट उंच पत्रा सैल गुंडाळा आणि दरवर्षी सैल करा. आवळा, बोर, जांभूळ यांच्या खोडावर भुशासारखी जाळी दिसली तर साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडून भोकात तार घालून तिला मारा आणि भोक मातीने लिंपा. कीटकनाशक कुठेच नको, कारण फळ कोण खाणार ते आपल्या हातात नाही.

फळ लागल्यावर

करवंद आणि खुंटाची झाडं तीन-पाच वर्षांत खायला देऊ लागतात, भोकर-आवळा-शिवण पाच-सात वर्षांत, बियांचं जांभूळ आठ-दहा. बेहड्याची घाई करू नका.

जनावर येऊ लागलं की फासेवालेही येतात. फळाखालची रुळलेली वाट त्यांनाही दिसते. मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्यातून एकदा त्या वाटा आणि गडग्याच्या खिंडी पायी तपासा. सायकलच्या ब्रेकची तार किंवा नायलॉनची गाठ दिसली तर हात न लावता फोटो घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जनावर अडकलेलं असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका. गावातली मोकाट कुत्री फळाखाली दबा धरायला शिकली असतील, तर त्या झाडाजवळची जाळी आणखी दाट करा.

फळं गोळा करून विकायची असतील तर तळाची आणि जमिनीवर पडलेली सोडून द्या, आवळ्याच्या बाबतीत तर निम्मी. आणि जागा ठरवताना एक लक्षात असू द्या: आंबा, फणस, जांभूळ, मोह, चिंच, हिरडा ही झाडं झाडे तोडण्याविषयीच्या १९६४च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या यादीत आहेत. उद्या घर किंवा रस्ता त्याच कोपऱ्यात काढायचा असेल तर स्वतःच्या जमिनीतही तोडीची परवानगी लागते, म्हणून तो कोपरा आजच मोकळा सोडा.